सांजवेळची सोबत

गांधीजींचे आवडते स्तोत्र म्हणून ‘अबाइड विथ मी’ आपल्याला परिचित आहे. त्याचे कर्ते हेन्री फ्रान्सिस लाइट हे इंग्लंडमधील ब्रिक्सहॅम या कोळ्यांच्या गावचे धर्मगुरू. क्षयाने खंगलेल्या लाइट यांचे २० नोव्हेंबर १८४७ रोजी नीस येथे निधन झाले. स्तोत्राची रचना सामान्यतः त्याच वर्षातली मानली जाते.

स्तोत्राचे बीज लूककृत शुभवर्तमानात आहे. अम्माऊसच्या वाटेवर भेटलेल्या अनोळखी पांथस्थाला दोन शिष्य आग्रह करतात, की दिवस कलला, आता आमच्याकडेच राहावे. लाइट यांनी त्या सांजेत आयुष्याची सांज पाहिली. मरण टळावे असे मागणे येथे नाही. मागणे आहे ते सोबतीचे. आणि अम्माऊसचा तो पांथस्थ तर स्वतः मरणातून उठलेला ख्रिस्त. ख्रिस्ती दिलासा आम्हांला दिसतो तो येथे.

परिचारिका एडिथ कॅव्हेल यांना १२ ऑक्टोबर १९१५ च्या पहाटे ब्रसेल्समध्ये जर्मनांनी गोळ्या घातल्या. आदल्या रात्री कोठडीत धर्मगुरू गॅहन हे स्तोत्र म्हणू लागले, तेव्हा त्यांनीही हलक्या आवाजात साथ दिली. स्तोत्राने मरण टळले नाही. पण ती रात्र त्यांना एकटीने काढावी लागली नाही.