स्वतःचे शेत आणि परवान्याची बंदूक : वऱ्हाडच्या संदर्भात शस्त्रकायद्याचा ऐतिहासिक मागोवा

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगाव हे वऱ्हाडातील शेतीप्रधान गावांपैकी एक होय. रोही व रानडुकरे यांच्यापासून पीक राखण्यासाठी रात्रीची जागल करणे या भागातील शेतकऱ्यास नवीन नाही. अशा शेतकऱ्याने सातबाऱ्यावर स्वतःचे नाव असलेल्या जमिनीत, स्वतःच्या धुऱ्याच्या आत बंदूक बाळगली तर त्यास परवाना लागतो काय? लागतो. तो का लागतो आणि जमिनीच्या मालकीला या कायद्यात नेमके कोणते स्थान आहे, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने निःशस्त्रीकरणाचे धोरण स्वीकारले. १८६० च्या कायद्यानंतर लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्रकायदा आला. त्यातील कलम १३ विनापरवाना सशस्त्र फिरण्यास मनाई करीत होते, तर कलम १४ बंदुका व दारूगोळा नुसता जवळ ठेवण्यासही. केवळ कलम १३ असते तर सार्वजनिक रस्ता आणि खाजगी शेत यांत भेद करण्यास वाव राहिला असता. कलम १४ मुळे तो उरला नाही. घराच्या माळ्यावर पडून असलेली ठासणीची बंदूकही परवान्याच्या कक्षेत आली. युरोपियनांना मात्र नियमांद्वारे सूट होती. या कायद्याविरुद्ध राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच ठराव केला होता.

वऱ्हाडची घटनात्मक स्थिती काहीशी चमत्कारिक होती. १८५३ च्या तहाने येथील कारभार इंग्रजांकडे आला, १९०२ मध्ये प्रदेश कायमच्या पट्ट्याने त्यांना मिळाला, तरी सार्वभौमत्व नावापुरते निजामाचेच राहिले. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. ते अधिसूचनेद्वारे लावावे लागत. राज्य एकाचे, कारभार दुसऱ्याचा आणि कायदा उसना, अशा व्यवस्थेत खातेदाराच्या जमीनहक्कातून शस्त्राचा हक्क उद्भवणे शक्यच नव्हते. कोडगूमध्ये नेमके उलट घडले. तेथील 'जम्मा' पद्धतीच्या जमीनधारकांना व कोडवांना परवान्यातून सूट मिळाली, १९६३ च्या अधिसूचनेने ती पुढे चालू राहिली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरविली. जमीनधारणेचा प्रकार आणि शस्त्र यांची अशी सांगड वऱ्हाडच्या वाट्यास आली नाही.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला तो मध्यप्रांत व वऱ्हाडच्याच एका प्रतिनिधीकडून. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी संविधान सभेत, १९३१ च्या कराची ठरावाचा आधार घेऊन, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत समाविष्ट करण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. जातीय दंगलींच्या ताज्या पार्श्वभूमीवर हा विरोध समजण्यासारखा आहे.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ ने शस्त्र मिळविणे, कब्जात ठेवणे व घेऊन फिरणे या तिन्ही कृती परवान्याखाली आणल्या. खाजगी जागेचा अपवाद त्यात नाही. कलम १४ तर स्पष्टपणे सांगते की, पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. म्हणजे मालकी असून हक्क मिळत नाही आणि नसून तो जातही नाही. शेताचा प्रवेश होतो तो दुसऱ्या दाराने, प्रयोजन म्हणून. कलम १३ नुसार खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना, अन्य कायदेशीर अडचण नसल्यास, देणे बंधनकारक आहे. ती अपुरी पडत असल्यास अन्य गुळगुळीत नळीची बंदूकही मंजूर करता येते. शेतकऱ्याच्या बाजूने बोलणारी एवढीच तरतूद या अधिनियमात आढळते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

परंतु १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने या तरतुदीतील जीव बराचसा काढून घेतला. बंदूक कायदेशीर असली तरी गोळी कायदेशीर ठरत नाही. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्यास मारण्यासाठी कलम ११ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याची वेगळी लेखी परवानगी लागते. सद्भावनेने केलेल्या बचावाची सूट माणसाच्या जिवापुरती आहे, पिकासाठी नाही. खाजगी बचावाचा फौजदारी कायद्यातील हक्कही येथे उपयोगी पडत नाही. तो गुन्ह्याविरुद्ध असतो आणि रोही काही गुन्हेगार ठरत नाही!

परिणामी कामरगावच्या शेतकऱ्यास दोन कार्यालयांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. बंदुकीसाठी जिल्हादंडाधिकारी, जो १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा होईपर्यंत अकोल्यास होता, आणि गोळीसाठी वनविभाग. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य याच परिसरात असल्याने कलम ३४ देखील येथे केवळ पुस्तकी राहत नाही : अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत शेत व वस्ती असणाऱ्यास नवा शस्त्रपरवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकाची पूर्वसंमती आवश्यक असते.