मोटार विम्याचे पहिले पान : ‘शेड्यूल’ कसे वाचावे?

मोटारीच्या विम्याचा हप्ता भरला जातो, कागद वाहनाच्या कप्प्यात ठेवला जातो आणि अपघात होईपर्यंत तो उघडला जात नाही, असा सर्वसाधारण अनुभव आहे. दावा करण्याची वेळ आल्यावर मात्र नेमके कशाला संरक्षण आहे, किती रकमेपर्यंत आहे आणि कोणत्या दिवसापर्यंत आहे, हे विमापत्राच्या पहिल्या एक-दोन पानांवरूनच ठरते. या पानांना ‘शेड्यूल’ म्हणतात. विमापत्रातील इतर अटी सर्व ग्राहकांसाठी जवळपास सारख्याच असतात. शेड्यूल मात्र प्रत्येक वाहनधारकासाठी वेगळे असते. म्हणूनच ते हाती पडताच तपासून घेणे आवश्यक ठरते.

विमा कोणत्या प्रकारचा?

शेड्यूलच्या शीर्षस्थानी विम्याचा प्रकार नमूद केलेला असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक वाहनासाठी त्रयस्थ पक्षाचा, म्हणजेच ‘थर्ड पार्टी’ विमा सक्तीचा आहे. हा विमा अपघातात इतरांच्या झालेल्या हानीची भरपाई देतो. वाहनधारकाच्या स्वतःच्या मोटारीची दुरुस्ती, चोरी किंवा पुरामुळे झालेले नुकसान त्यात येत नाही. त्यासाठी ‘ओन डॅमेज’ हा भाग घ्यावा लागतो. हे दोन्ही भाग ज्यात असतात, त्यास ‘पॅकेज’ अथवा सर्वसमावेशक पॉलिसी म्हणतात. शेड्यूलवर ‘लायबिलिटी ओन्ली’ असे शब्द असल्यास स्वतःच्या मोटारीला कोणतेही संरक्षण नाही, असे समजावे.

दोन मुदती, दोन तारखा

सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक करण्यात आला. ओन डॅमेजचा भाग मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. परिणामी एकाच शेड्यूलवर दोन वेगवेगळ्या समाप्ती तारखा दिसतात. तीन वर्षांची तारीख पाहून विमा चालू असल्याचा समज होतो आणि प्रत्यक्षात पहिल्या वर्षानंतरच स्वतःच्या मोटारीचे संरक्षण संपलेले असते. त्यामुळे दोन्ही तारखा स्वतंत्रपणे नोंदवून ठेवणे हिताचे आहे. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ६४ व्हीबी नुसार हप्ता मिळाल्याशिवाय विमा कंपनी जोखीम स्वीकारू शकत नाही. साहजिकच, विसरलेल्या नूतनीकरणाच्या काळात झालेल्या अपघाताची भरपाई मिळत नाही.

नाव आणि वाहनाचा तपशील

विमाधारकाचे नाव, नोंदणी क्रमांक, इंजिन क्रमांक, चॅसी क्रमांक, इंजिनाची घनक्षमता, इंधनाचा प्रकार आणि उत्पादनाचे वर्ष हा तपशील नोंदणी प्रमाणपत्राशी अक्षरशः जुळला पाहिजे. मोटारीला नंतर सीएनजी किंवा एलपीजी संच बसविला असल्यास त्याची नोंद नोंदणी प्रमाणपत्रात आणि शेड्यूलवरही हवी. जुनी मोटार खरेदी करणाऱ्याने मालकी हस्तांतरणापासून १४ दिवसांच्या आत विमा स्वतःच्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा, अशी तरतूद कायद्याच्या कलम १५७ मध्ये आहे. मोटार कर्जाऊ घेतली असल्यास बँकेचे नाव ‘हायपोथिकेशन’ या रकान्यात असते. कर्ज फेडल्यानंतर ते वगळून घ्यावे.

आयडीव्ही म्हणजे काय?

‘आयडीव्ही’ हे वाहनाचे विमाकृत घोषित मूल्य होय. मोटार चोरीस गेल्यास किंवा पूर्णतः निकामी झाल्यास मिळणाऱ्या भरपाईचा हाच आधार असतो. उत्पादकाच्या चालू विक्री किमतीतून घसारा वजा करून ते काढले जाते. प्रचलित कोष्टकानुसार सहा महिन्यांपर्यंतच्या वाहनासाठी ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २० टक्के, तीन वर्षांपर्यंत ३० टक्के, चार वर्षांपर्यंत ४० टक्के आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घसारा धरला जातो. त्याहून जुन्या वाहनाचे मूल्य कंपनी आणि ग्राहक यांच्या सहमतीने ठरते.

उदाहरणार्थ, विक्री किंमत ८ लाख रुपये असलेल्या अडीच वर्षे जुन्या मोटारीचे आयडीव्ही ५ लाख ६० हजार रुपये होईल. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून, म्हणजे या उदाहरणात ४ लाख २० हजार रुपयांहून अधिक झाल्यास मोटार पूर्णतः निकामी झाल्याचे मानले जाते. हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही कमी दाखविले गेल्यास भरपाईही त्याच प्रमाणात घटते.

हप्त्याचे कोष्टक

कोष्टकात डावीकडे ओन डॅमेजचा आणि उजवीकडे थर्ड पार्टीचा हप्ता दाखविण्याची पद्धत आहे. ओन डॅमेजचे दर १ जानेवारी २००७ पासून नियंत्रणमुक्त झाल्याने ते प्रत्येक कंपनीत वेगळे असतात. थर्ड पार्टीचे मूळ दर मात्र केंद्र सरकार अधिसूचित करते. त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना करताना डावा रकाना पाहावा.

‘नो क्लेम बोनस’ ही सवलत केवळ ओन डॅमेजच्या हप्त्यावर मिळते. दावा न केलेल्या सलग वर्षांनुसार ती २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी वाढत जाते. हा बोनस वाहनाचा नसून वाहनधारकाचा असतो. त्यामुळे मोटार विकल्यावर तो नव्या मोटारीसाठी वापरता येतो. मात्र मुदत संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण न केल्यास तो संपुष्टात येतो. गतवर्षी दावा केलेला असतानाही शेड्यूलवर बोनस दिसत असेल, तर ती चूक त्वरित कंपनीच्या निदर्शनास आणावी. चुकीच्या माहितीवर मिळालेली सवलत पुढे दावा नाकारला जाण्याचे कारण ठरू शकते.

वजावट आणि दायित्वाची मर्यादा

प्रत्येक दाव्यात ठरावीक रक्कम वाहनधारकाला स्वतः सोसावी लागते. ही सक्तीची वजावट १५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीसाठी १ हजार आणि त्यावरील मोटारीसाठी २ हजार रुपये असते. हप्त्यात सूट मिळावी म्हणून ऐच्छिक वजावट स्वीकारली असल्यास ती यात मिळविली जाते. याशिवाय प्लॅस्टिक, रबर, टायर आणि बॅटरी या भागांच्या किमतीवर ५० टक्के घसारा कापला जातो. ‘झिरो डेप्रिसिएशन’ हे जादा संरक्षण घेतले असल्यास बहुतांश भागांवर ही कपात होत नाही. तथापि, त्याचा उल्लेख शेड्यूलवर असणे आवश्यक आहे.

त्रयस्थ व्यक्तीच्या मृत्यू किंवा दुखापतीबाबत ठरावीक रकमेऐवजी मोटार वाहन कायद्यानुसार आवश्यक तेवढे दायित्व, अशी नोंद आढळते. खासगी मोटारीमुळे इतरांच्या मालमत्तेच्या झालेल्या हानीसाठी साडेसात लाख रुपयांची मर्यादा असते. मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याची रक्कम १५ लाख रुपये असून, त्यासाठी मालकाकडे वैध वाहन परवाना असावा लागतो.

वापर आणि चालक यांविषयीच्या अटी

खासगी मोटार भाड्याने देणे, तिच्यातून व्यापारी मालाची वाहतूक करणे आणि शर्यतीत ती उतरविणे या बाबी विम्याच्या कक्षेबाहेर असल्याचे शेड्यूलवर नमूद असते. वाहन चालविणाऱ्याकडे अपघाताच्या वेळी वैध परवाना असावा, ही अटही तेथेच असते. शेवटी ‘आयएमटी’ या अक्षरांपुढे काही क्रमांक छापलेले असतात. प्रत्येक क्रमांक एका जोडकलमाचा निदर्शक असतो. उदाहरणार्थ, आयएमटी २२ सक्तीच्या वजावटीचे, तर आयएमटी २८ पगारी चालकाप्रति असलेल्या दायित्वाचे कलम आहे.

चूक आढळल्यास

शेड्यूलमध्ये चूक आढळल्यास कंपनीला लेखी कळवून दुरुस्तीचे ‘एन्डॉर्समेंट’ मागून घ्यावे. तोंडी आश्वासनावर विसंबून राहू नये. लेखी तक्रारीस एक महिन्यात उत्तर न मिळाल्यास किंवा मिळालेले उत्तर समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे दाद मागता येते. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत.