मेहरौलीची यात्रा

दिल्लीच्या दक्षिणेस, कुतुबमिनाराच्या परिसरांत मेहरौली नांवाचें जुनें गांव आहे. तेथें योगमायेचें देऊळ आहे, आणि थोड्याच अंतरावर ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी या सूफी संताचा दर्गा. ख्वाजासाहेब इ. स. १२३५ मध्यें निवर्तले.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अकबरशहा दुसरा याचा पुत्र मिर्झा जहांगीर यानें इंग्रज रेसिडेंटावर गोळी झाडली, म्हणून त्यास अलाहाबादेस धाडण्यांत आलें. पुत्र परत आल्यास दर्ग्यावर फुलांची चादर वाहीन, असा नवस त्याच्या आईनें केला, असें सांगतात. नवस फळला. चादर दर्ग्यावर चढली आणि बादशहाच्या इच्छेनें योगमायेच्या देवळींही फुलें गेलीं. पुढें दरवर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस फुलांचे पंखे मिरवीत दोन्हीं ठिकाणीं नेण्याचा प्रघात पडला. हीच 'फूलवालों की सैर'. पंखे गुंफणाऱ्या माळ्यास दोन्हीं दारें सारखींच पवित्र होतीं. १९४२ च्या आंदोलनाच्या वर्षीं इंग्रज सरकारनें ही यात्रा बंद पाडली.

पुढें फाळणीचा वणवा पेटला. शंभराहून अधिक वर्षें एकत्र मिरविलेल्या फुलांनीं तो विझला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. दर्ग्याच्या संगमरवरी जाळ्या फुटल्या, आसपासचे मुसलमान परागंदा झाले, आणि घरदार गमावलेले हिंदु व शीख निर्वासित दिल्लींत येऊन पडले. ख्वाजासाहेबांचा उरूस भरेल कीं नाहीं, याचीच शंका होती.

१३ जानेवारी १९४८ रोजीं गांधीजींनीं उपोषण आरंभिलें. १८ तारखेस निरनिराळ्या धर्मांच्या व पक्षांच्या पुढाऱ्यांनीं लेखी हमी दिली, तेव्हांच त्यांनीं तें सोडलें. त्या हमींत मुसलमानांच्या जीविताचें व मालमत्तेचें रक्षण, मशिदी परत देणें यांबरोबरच मेहरौलीचा उरूस पूर्ववत् भरूं देणें, हेंही कलम होतें. जत्रेसारखी वरवर किरकोळ वाटणारी बाब प्राणांच्या पणाला लागली, कारण शेजाऱ्यास निर्भयपणें आपला सण करतां येणें हीच शांततेची खरी कसोटी होय.

उरूस भरला. २७ जानेवारीस गांधीजी स्वतः दर्ग्यांत गेले. मुसलमानांबरोबर हिंदु व शीखही आले होते. भंगलेल्या जाळ्या पाहून त्यांस फार क्लेश झाले. त्यानंतर तिसऱ्याच दिवशीं त्यांची हत्या झाली. फुलांची यात्रा मात्र १९६१-६२ च्या सुमारास पंडित नेहरूंच्या प्रोत्साहनानें पुन्हां सुरू झाली.

श्रोते हो, परधर्मीयांच्या सणास नुसतें जाणें सोपें आहे. सुखाच्या दिवसांत तेवढ्यानें भागतेंही. परंतु तो सण संकटांत सांपडला असतां त्याच्या वाटेवर पहारा करणें, मोडलेलें सांधून देणें आणि दिलेला शब्द पाळणें, ही खरी सेवा. फुलें एका दिवसांत कोमेजतात. तीं पुढच्या वर्षीं पुन्हां वाहतां यावींत म्हणून वर्षभर शेजारधर्म पाळावा लागतो. मेहरौलीचा इतिहास मला तरी हेंच शिकवितो.