माथेरान आणि वेळास

सन १८५० च्या मे महिन्यांत ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम आजच्या खालापूर तालुक्यांतील चौक गांवीं होता. तेथून ते समोरचा डोंगर चढून गेले, आणि कर्जतकडील माथेरान नांवारूपास आलें. सन १९०७ मध्यें आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानें नेरळहून आगगाडी वर नेली. घोडेवाले, हमाल, दुकानदार यांस धंदा मिळाला. मागोमाग गर्दी व कचराही आला. तरीही मोटारींस मज्जाव राहिल्यामुळें रान बरेंचसें टिकलें, आणि २००३ मध्यें सरकारनें हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला.

डोंगरावरचा हाच प्रश्न पुढें किनाऱ्यावर उभा राहिला. रत्नागिरी जिल्ह्यांतील बाणकोट खाडीजवळचें वेळास हें नाना फडणिसांच्या घराण्याचें गांव. तेथें ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवमाद्या रात्रीं वाळूंत खड्डा उकरून सुमारें शंभर अंडीं घालतात. पूर्वीं तीं माणसें काढून नेत, कोल्हीं-कुत्रीं फस्त करीत. चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र संस्थेनें २००२ मध्यें ग्रामस्थांच्या साह्यानें अंडीं कुंपणांत आणून पुरण्याचें कार्य आरंभिलें, व २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गांवांतील घरींच उतरतात. घरधनिणीच्या हातीं चार पैसे येतात. अंडें विकल्यास पैसा एकदांच मिळतो. पिलूं समुद्राकडे जातांना दाखविल्यास तो दरसाल मिळतो, हें गांवानें ओळखलें.

परंतु लाभाच्या पोटांतच हानीचें बीज असतें. नुकतें जन्मलेलें पिलूं उजेडाच्या रोखानें चालतें; रात्रीं समुद्राकडील क्षितिज उजळ असतें, म्हणून त्याला वाट सांपडते. किनाऱ्यावर दिवे लागले कीं तें उलट फिरतें. गडबड ऐकून मादी अंडीं न घालतांच परतते. अंडीं उबण्यास ४५ ते ६० दिवस लागतात. तीं वाळूच्या उष्णतेप्रमाणें फुटतात, पाहुण्यांच्या रविवारप्रमाणें नव्हे. त्यांच्यासाठीं पिलें अडवून ठेवलीं, तर पोहण्यास लागणारें बळ वाळूंतच खर्चीं पडतें.

माथेरानची मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते, म्हणून वरची सावली शिल्लक आहे. वेळासच्या पाहुण्यानें दोरीबाहेर, दिवा विझवून उभें राहावें, आणि पिलूं न दिसल्यास निमूटपणें परतावें. तेवढा संयम राहिला, तर गांवाचें उत्पन्नही राहील.