शिक्षकांनी वर्गात स्वतःचं राजकीय मत सांगावं का? नियम काय म्हणतात?

निवडणुकीच्या दिवसांत शाळेत एक प्रश्न हमखास येतो: "सर, तुम्ही कुणाला मत दिलं?" विचारणारं मूल दहा-बारा वर्षांचं असतं. सरांच्या बोटावरची शाई त्याने पाहिलेली असते, आणि घरी टीव्हीवरची भांडणंही ऐकलेली असतात.

यावर सरांनी काय उत्तर द्यावं? एखाद्या वर्गातला व्हिडिओ व्हायरल झाला की सोशल मीडियावर दोन गट पडतात. एक म्हणतो, शिक्षकाने राजकारणावर बोलूच नये. दुसरा म्हणतो, शिक्षकही नागरिक आहे, त्यालाही मत आहे. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

महाराष्ट्रात नियम काय आहे?

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. त्यातल्या पाचव्या नियमानुसार कर्मचाऱ्याला राजकीय पक्षाचं सदस्य होता येत नाही आणि प्रचारात भाग घेता येत नाही. मतदानाचा हक्क अर्थातच आहे. पण आपण कुणाला मत दिलं किंवा देणार आहोत, हे सूचित करायला मनाई आहे. म्हणजे सरकारी शाळेतल्या शिक्षकापुरतं वरच्या प्रश्नाचं उत्तर नियमातच आहे.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी १९६७ चे वेगळे वर्तणूक नियम आहेत. खासगी अनुदानित शाळांतल्या शिक्षकांच्या सेवाशर्ती १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली यांनुसार ठरतात. त्यामुळे प्रत्येक शिक्षकावरचं बंधन अगदी सारखं नसतं.

दुसरीकडे, शिक्षकांना राजकीय मत असतं हे राज्यघटनेनेच मान्य केलं आहे. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ जागा शिक्षक मतदारसंघांच्या आहेत. तिथे माध्यमिक आणि त्यावरच्या संस्थांमधले शिक्षक मतदान करतात. थोडक्यात, प्रश्न शिक्षकाला मत असावं की नसावं हा नाही. ते मत वर्गात, लहान मुलांसमोर कसं यावं, हा आहे.

मग वर्गात राजकारण नकोच का?

तसं करताच येणार नाही. दहावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी आणि लोकशाहीसमोरची आव्हानं यांवर धडे आहेत. पक्षांची नावं न घेता हे धडे शिकवणं म्हणजे पाण्यात न उतरता पोहायला शिकवणं.

शिवाय शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्ये मुलाला भीतीमुक्त वातावरण मिळावं आणि त्याला आपलं मत मोकळेपणाने मांडता यावं, असं स्पष्ट म्हटलं आहे. शिक्षकाच्या बोलण्याची मर्यादा ठरवताना हेच कलम उपयोगी पडतं. बाईंचं मत ऐकून वेगळ्या मताचं मूल गप्प बसत असेल, तर त्याचा हक्क हिरावला जातो. आणि शिक्षकाने विषयच टाळला, तर मत मांडायची संधीच कुणाला मिळत नाही.

हा पेच फक्त आपल्याकडचा नाही. तीन देशांनी तो तीन प्रकारे सोडवला आहे.

ब्रिटन: बाजू घेऊन प्रचार नको

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्याचं कलम ४०६ कोणताही विषय शिकवताना एकतर्फी राजकीय मतांचा प्रचार करायला मनाई करतं. कलम ४०७ नुसार वादाचा राजकीय विषय निघाला, तर विरोधी मतांची संतुलित मांडणी व्हावी लागते.

'संतुलित' म्हणजे काय, हा मुद्दा २००७ मध्ये कोर्टात आला. सरकारने माध्यमिक शाळांना अल गोर यांची हवामान बदलावरची फिल्म पाठवली होती आणि एका पालकाने त्याला आव्हान दिलं होतं. न्यायालयाने फिल्मवर बंदी घातली नाही. मात्र त्यातल्या नऊ ठिकाणी प्रचलित वैज्ञानिक मतापेक्षा वेगळं काही सांगितलं आहे, ते शिक्षकांना मार्गदर्शनातून कळवा, असं सांगितलं. संतुलन म्हणजे दोन्ही बाजूंना घड्याळ लावून सारखा वेळ देणं नव्हे, तर निष्पक्ष मांडणी, हेही स्पष्ट झालं.

जर्मनी: मुलावर मत लादू नका

नाझी राजवटीत शाळा प्रचाराचं साधन झाल्या होत्या. त्यामुळे युद्धानंतर हा प्रश्न तिथे फार नाजूक होता. १९७६ मध्ये बॉयटेल्सबाख या गावी वेगवेगळ्या राजकीय विचारांचे शिक्षणतज्ज्ञ एकत्र आले. तिथल्या चर्चेतून तीन तत्त्वं पुढे आली. मुलावर मत लादून त्याचा स्वतंत्र विचार अडवायचा नाही. समाजात जे वादाचं आहे, ते वर्गातही वादाचं म्हणूनच मांडायचं. आणि स्वतःचं हित कशात आहे, हे ओळखायला मुलाला सक्षम करायचं.

यात शिक्षकाने मत लपवावंच असं कुठेही नाही. ते मत 'एक मत' म्हणून यावं, उत्तर म्हणून नव्हे, एवढंच.

अमेरिका: वर्गातलं बोलणं नोकरीचा भाग

इंडियाना राज्यात २००३ च्या सुरुवातीला, इराक युद्धाच्या तोंडावर, एका विद्यार्थ्याने शिक्षिकेला विचारलं, तुम्ही निदर्शनांत भाग घेता का? युद्धविरोधी निदर्शनं दिसली की आपण शांततेसाठी गाडीचा हॉर्न वाजवतो, असं त्यांनी सांगितलं. पालकांनी तक्रार केली आणि पुढे त्यांचा करार वाढवला गेला नाही. २००७ मध्ये अपील न्यायालयाने शाळेच्या बाजूने निकाल दिला. शाळेत मुलांची हजेरी सक्तीची असते, त्यांना उठून जाता येत नाही, आणि वर्गातलं बोलणं हा शिक्षकाच्या नोकरीचा भाग आहे, असा युक्तिवाद त्यामागे होता.

एका वाक्याची किंमत नोकरीएवढी असेल, तर बाकीचे शिक्षकही प्रश्न टाळायला लागतात. या निकालावर मुख्य टीका हीच झाली.

वय का महत्त्वाचं?

कॉलेजातला विद्यार्थी प्राध्यापकाशी वाद घालू शकतो. चौथीतल्या मुलासाठी मात्र 'बाईंनी सांगितलंय' हा शेवटचा शब्द असतो. बाईच पेपर तपासतात, बाईच शाबासकी देतात. त्यामुळे बाईंचं मत त्याला माहितीसारखंच वाटतं. त्याच्या घरचे दुसऱ्या पक्षाचे असतील, तर बाई खोटं बोलतात की बाबा, असा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो.

मुलाने विचारलंच तर?

• "मत गुप्त असतं, म्हणून मी सांगणार नाही" हे प्रामाणिक उत्तर आहे. गुप्त मतदानाचा धडाही त्यातूनच शिकवता येतो.
• माहिती आणि मत वेगळं ठेवा. कायदा कधी झाला ही माहिती, तो चांगला की वाईट हे मत.
• संविधानातली मूल्यं हा पक्षीय विषय नाही. जात किंवा धर्मावरून कुणाला हिणवणं चूक आहे, हे ठामपणे सांगायलाच हवं.
• कोणत्याही उत्तरावर गुण किंवा शाबासकी कमी-जास्त करू नका.

पालकांसाठीही एक गोष्ट: मूल घरी येऊन "सर असं म्हणाले" म्हणालं, तर आधी विचारा, "आणि बाकीची मुलं काय म्हणाली?" वर्गात दुसरं मत मांडायला जागा होती का, ते त्या उत्तरातून कळेल. व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी शाळेत जाऊन शिक्षकांशी बोलणं केव्हाही चांगलं.