सेवासंस्थांचे आर्थिक आधार : अनुदान आणि उद्योगसाहाय्य

धर्मग्रामांतील बालवाड्या, रुग्णसेवा केंद्रे व आदिवासी पाड्यांवरील वर्ग केवळ रविवारच्या दानावर चालत नाहीत. बाहेरून मिळणाऱ्या साहाय्याची माहिती आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

परदेशी अनुदान : यासाठी विदेशी अंशदान (नियमन) कायदा, २०१० अन्वये नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीने असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास मनाई झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेमार्फत लहान संस्थेला मिळणारा हा आधार त्यामुळे तुटला.

उद्योगसाहाय्य : कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ दि. १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर खर्चावयाचे असतात. शिक्षण, आरोग्य, पर्यावरण आदी कार्ये त्यात बसतात. उपासनेच्या खर्चासाठी हा निधी मागू नये. बाहेरील संस्थेस १२अ व ८०जी नोंदणी, तीन वर्षांचा कार्यानुभव आणि २०२१ पासून सीएसआर-१ नोंदणी आवश्यक आहे.

कंपनीचा प्रकल्प मुदतीचा असतो. मुदत संपल्यावर शिक्षिकेचे मानधन कोण देणार, हे विश्वस्तांनी करारापूर्वीच ठरवावे. हिशेब वेळेवर तपासून लोकांपुढे ठेवावेत. अनुदान येते आणि जाते. विधवेच्या दोन टोल्यांचे मोल मात्र सेवाकार्याने कधी विसरू नये, असे आम्हांस वाटते.