नागरी कंपोस्ट

नागरी कंपोस्ट : नगरांतील केरकचरा, मैला इ. कुजणारे पदार्थ सूक्ष्मजंतूंच्या साहाय्याने कुजवून तयार केलेले खत. भारतात त्यास शास्त्रीय आधार व शासकीय पाठबळ विसाव्या शतकात लाभले.

या प्रयत्नांचा प्रारंभ शेतीक्षेत्रात झाला. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ ॲल्बर्ट हॉवर्ड (१८७३–१९४७) यांनी चीनमधील परंपरागत खतव्यवस्थेपासून बोध घेऊन १९२४–३१ या काळात ‘इंदूर पद्धत’ विकसित केली. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर उथळ खड्ड्यांत रचून ते तीनदा उलथविले असता सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई. या पद्धतीवरील, सहकारी यशवंत वाड यांच्यासह लिहिलेला हॉवर्ड यांचा ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला.

नगरांचा प्रश्न वेगळा होता. मैलामिश्रित कचरा वारंवार उलथणे खर्चाचे व किळसवाणे असे. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. एन्. आचार्य यांनी १९३९ च्या सुमारास त्यावर उपाय शोधला. खंदकांत कचरा व मैला यांचे आलटून-पालटून थर देऊन वर मातीचे आच्छादन घातले जाई. उलथण्याची गरज नसे. मात्र खत होण्यास सहा महिने वा अधिक काळ लागे. त्यानंतरच्या दशकात अन्नटंचाईमुळे ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम सुरू झाली, तेव्हा नगरपालिकांमार्फत या पद्धतीचा प्रसार करण्यात आला.

या योजनेची एक बाजू मात्र खेदजनक होती. मैला गोळा करून वाहण्याचे काम जातीने बांधलेल्या सफाई कामगारांच्या माथी होते. खताचे मूल्य वाढले, तरी त्यांची स्थिती पालटली नाही. या प्रथेवर कायद्याने बंदी आली, ती १९९३ मध्ये.

१९७० नंतर मोठ्या शहरांत उभारलेली यांत्रिक कंपोस्ट केंद्रे बहुतांशी बंद पडली. काच, धातू व प्लॅस्टिक मिसळलेल्या कचऱ्याचे खत निकृष्ट होई. वाहतूकखर्चामुळे ते शेतकऱ्यास परवडत नसे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या जनहित याचिकेनंतर २००० मध्ये घनकचऱ्याविषयी नियम झाले. २०१६ च्या नियमांनी ओला व सुका कचरा उगमस्थानीच वेगळा करणे बंधनकारक केले. त्याच वर्षी केंद्र शासनाने नागरी कंपोस्टच्या विक्रीस प्रतिटन १,५०० रु. साहाय्य जाहीर केले. कुजविण्याचे तंत्र पूर्वीच सिद्ध झाले होते. उणीव होती ती स्वच्छ कचरा, परवडणारा भाव व श्रमिकांची प्रतिष्ठा यांची.